११०५ ची पूर्ण तपासणी: संख्येचे गुणधर्म कुठल्या क्रमाने काढायचे आणि गाडी नेमकी कुठे घसरते

११०५ च्या शेवटी ५ आहे, म्हणजे ती मूळ संख्या नाही हे शाळेतलं पोरगंही सांगेल. तरी फर्माच्या कसोटीने (ती पाचव्या टप्प्यात येते) मूळ संख्या ओळखायचा छोटा प्रोग्राम लिहिला की तो बऱ्याचदा हिला बिनदिक्कत 'मूळ' म्हणून पास करतो, आणि मग लोक रात्रभर कोडमधली चूक शोधत बसतात. चूक कोडमध्ये नसतेच, कसोटी वापरण्यात असते. दुसरा गोंधळ मोजणीचा: "११०५ किती प्रकारे दोन वर्गांची बेरीज होते" याला कोणी ४ म्हणतं, कोणी ८, कोणी ३२, आणि गंमत म्हणजे तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त काय मोजलं ते कोणीच सांगत नाही.

म्हणून ही एकच संख्या घेऊन सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत करू. क्रम बदलू नका, कारण पुढच्या जवळपास प्रत्येक टप्प्याला पहिल्या टप्प्याचं उत्तर लागतं.

## आधीची तयारी

कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे उत्तर, उजवीकडे ते उत्तर दुसऱ्या रस्त्याने काढून केलेली पडताळणी. उजवा रकाना रिकामा असेल तर डावीकडचं उत्तर कच्चं समजायचं, एवढा एक नियम पाळला तरी अर्ध्या चुका तिथेच मरतात.

१ ते ३३ चे वर्ग आधीच लिहून ठेवा (३३ चा वर्ग १०८९, ३४ चा ११५६, म्हणजे ११०५ या दोघांच्या मध्ये आली आणि ती पूर्ण वर्ग नाही हे फुकटात कळलं). सातव्या टप्प्यात ही लिस्ट सारखी लागणार आहे.

शब्द पक्के करा. 'मूळ अवयव' वेगळे, 'विभाजक' वेगळे. ११०५ चे मूळ अवयव तीन आहेत आणि विभाजक आठ, आणि "फॅक्टर किती?" असं मोघम विचारलं की दोन उत्तरं येतात न् भांडण सुरू होतं. खाली ^ ही खूण घात दाखवायला वापरलीय, म्हणजे २^४ म्हणजे १६.

इशारा: पाचव्या टप्प्यात २^११०४ येणार आहे. ही संख्या ३३३ अंकी आहे. साधा कॅल्क्युलेटर एरर देईल, स्प्रेडशीट १५ अंकांपुढचं अचूक धरतच नाही आणि इतका मोठा घात तर तिच्या मर्यादेच्याही बाहेर जातो. तिथे बाकी काढायचं फंक्शन लावून आलेल्या उत्तरावर अजिबात विसंबू नका. घात आधी पूर्ण काढून मग भागायचं नसतं, प्रत्येक पायरीला ११०५ ने भागून बाकी ठेवत जायचं असतं.

## टप्पा १: अवयव पाडा, आणि शेवटपर्यंत पाडा

११०५ ÷ ५ = २२१. इथे भरपूर लोक थांबतात, कारण २२१ दिसायला मूळ वाटते. २ ने जात नाही, ३ ने जात नाही (अंकांची बेरीज ५), ५, ७, ११ कशानेच जात नाही, मग हात आखडतो आणि "असेल मूळ" म्हणून पुढे. मी स्वतः एकदा याच संख्येत फसलोय आणि मग पुढची सगळी गणितं वाकडी आली.

कुठपर्यंत तपासायचं याचा नियम असा: उरलेल्या संख्येच्या वर्गमुळापर्यंत. २२१ चं वर्गमूळ १५ च्या थोडं आत आहे, म्हणजे १३ पर्यंतच्या मूळ संख्या बघायला लागतात. १३ × १७ = २२१. झालं.

११०५ = ५ × १३ × १७

दोन चुका इथे नेहमी दिसतात. एक म्हणजे ११०५ च्या निम्म्यापर्यंत, ५५२ पर्यंत भागत बसणं, ज्यात वेळ जातो बाकी काही नाही. दुसरी याच जातीची, म्हणजे ५ ने भागल्यावरही ११०५ चंच वर्गमूळ (३३ आणि थोडं) धरून ३१ पर्यंत तपासत राहणं. प्रत्येक भागाकारानंतर मर्यादा खाली येते, ती नव्याने काढा.

चेक: उलटा गुणाकार करा, तोही वेगळ्या क्रमाने. १३ × ५ = ६५, ६५ × १७ = ११०५. आणि तिन्ही अवयव वेगवेगळे आहेत, कुठलाही दोनदा आलेला नाही, हे लिहून ठेवा, पाचव्या टप्प्यात हीच गोष्ट निर्णायक ठरते.

## टप्पा २: विभाजक

प्रत्येक मूळ अवयव एकतर घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणजे २ × २ × २ = ८ विभाजक. आधी ही मोजणी करा, मग लिस्ट लिहा, कारण लिस्ट लिहून मोजलं तर सुटलेला विभाजक सुटलेलाच राहतो.

१, ५, १३, १७, ६५, ८५, २२१, ११०५

सर्वात जास्त विसरला जातो तो ८५, का कोण जाणे. चेक: जोड्या लावा, पहिला आणि शेवटचा, दुसरा आणि शेवटून दुसरा. १ × ११०५, ५ × २२१, १३ × ८५, १७ × ६५. प्रत्येक जोडीचा गुणाकार ११०५ यायलाच हवा आणि कोणी एकटं उरता कामा नये.

## टप्पा ३: विभाजकांची बेरीज

आठ आकड्यांची बेरीज सरळ करता येते, पण आधी सूत्राने करा: (१+५) × (१+१३) × (१+१७) = ६ × १४ × १८ = १५१२. मग लिस्टची बेरीज करून बघा, तीही १५१२ यायला हवी.

आता ११०५ स्वतःला वजा करा, ४०७ उरतात. ४०७ हे ११०५ पेक्षा खूपच कमी, म्हणजे ही न्यून संख्या. इथली चूक एकच आणि ती सगळे करतात, १५१२ ची तुलना थेट ११०५ शी करायची आणि "जास्त आली, विपुल संख्या आहे" म्हणायचं. स्वतःला वजा करून तुलना करा, किंवा पूर्ण बेरजेची तुलना दुपटीशी, २२१० शी करा. दोन्हीची खिचडी नको.

## टप्पा ४: सहमूळ संख्या किती

१ ते ११०५ मधल्या किती संख्यांचा ११०५ शी १ सोडून एकही सामाईक विभाजक नाही? सूत्र: (५−१) × (१३−१) × (१७−१) = ४ × १२ × १६ = ७६८.

पडताळणी वजाबाकीने करा, आणि इथे काळजी घ्या. ५ च्या पटीतल्या २२१, १३ च्या ८५, १७ च्या ६५, एकूण ३७१ वजा केल्या की ७३४ येतात आणि लोक तिथेच थांबतात. पण ६५ सारखी संख्या ५ च्या यादीतही होती आणि १३ च्या यादीतही, म्हणजे तिला दोनदा काढलंय. म्हणून ६५ च्या पटीतल्या १७, ८५ च्या १३ आणि २२१ च्या ५, मिळून ३५ परत जोडा: ७६९. आता ११०५ स्वतः तिन्ही याद्यांत आहे, तिला तीनदा काढलं न् तीनदा परत जोडलं, म्हणजे ती अजून आतच बसलीय, ती एक काढा. ७६८. जुळलं.

हा ७६८ लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

## टप्पा ५: फर्माची कसोटी, जिथे ही संख्या फसवते

नियम असा आहे की न ही मूळ संख्या असेल आणि अ ला न ने भाग जात नसेल तर अ^(न−१) ला न ने भागल्यावर बाकी १ उरते. लक्ष द्या, 'असेल तर' आहे. उलटं, म्हणजे "बाकी १ आली म्हणून न मूळ आहे", हे कुठेही म्हटलेलं नाही. प्रोग्राम लिहिताना नेमकं हे उलटं धरलं जातं.

आता हाताने करून बघू, अ = २.

१) २^१२ = ४०९६. यातून ३ × ११०५ = ३३१५ काढले, बाकी ७८१.

२) २^२४ साठी ७८१ चा वर्ग: ६०९९६१. आणि ५५२ × ११०५ = ६०९९६०. बाकी १!

३) ११०४ = २४ × ४६. म्हणजे २^११०४ ची बाकी १ चा ४६ वा घात, अर्थात १.

तीन ओळींत ३३३ अंकी संख्येची बाकी आली, कॅल्क्युलेटर रडला असता. पण उत्तर १ आलंय, म्हणजे टेस्ट पास, आणि संख्या तर ५ × १३ × १७ आहे.

"२ नशिबाने आला असेल, ३ घेऊन बघतो" हा पुढचा विचार येतो. घ्या. ३ घ्या, ७ घ्या, १०० सोडून (का ते पुढे येतंच) ९९ घ्या, सगळीकडे १ च येणार. कारण मूळ अवयवांतून एक वजा करा, ४, १२, १६ येतात, आणि हे तिन्ही ११०४ ला निःशेष भागतात: २७६ वेळा, ९२ वेळा, ६९ वेळा. ५ च्या बाजूने बघितलं तरी बाकी १, १३ च्या बाजूने १, १७ च्या बाजूनेही १, मग एकत्र ११०५ ची बाकी १ सोडून काय येणार? अवयव वेगवेगळे असणं आणि प्रत्येकातून एक वजा करून येणाऱ्या आकड्याने न−१ ला (इथे ११०४ ला) भाग जाणं, या दोन अटी पाळणाऱ्या संयुक्त संख्येला कारमायकल संख्या म्हणतात. सर्वात लहान ५६१, दुसरी हीच ११०५, तिसरी १७२९.

इशारा: अ आणि ११०५ सहमूळ हवेत. १०० मध्ये ५ आहे म्हणून वर सोडला. ५ घेतलात तर ५^११०४ ची बाकी ८८५ येते, १ नाही. (पडताळणी: ८८५ ला ५ ने भाग जातो, आणि ८८४ ला २२१ ने, ४ × २२१.) कोणी "माझ्या टेस्टने पकडली की" म्हणालं तर त्याने ५, १३ किंवा १७ च्या पटीतला अ घेतलाय, म्हणजे टेस्टने नाही तर नकळत अवयवानेच पकडलीय. १ ते ११०४ मध्ये असे पकडणारे आकडे ११०४ − ७६८ = ३३६. बाकीचे ७६८ खोटं बोलतात, दहातले साधारण सात.

आणखी एक बारीक चूक. "सगळ्या सहमूळ अ साठी चालेल असा सर्वात लहान घात कोणता?" याला ७६८ असं उत्तर दिलं जातं, ४ × १२ × १६ करून. गुणाकार नको, लसावि घ्या. ४, १२, १६ चा लसावि ४८. आणि ११०४ = ४८ × २३, म्हणजे जुळतंय. २ साठी तर २४ लाच काम झालं होतं, पण ते फक्त २ चं, ३ साठी २४ पुरत नाही.

## टप्पा ६: कडक कसोटी

फर्माची टेस्ट हरली म्हणून टेस्ट करणंच सोडायचं नाही, थोडी कडक करायची. ही मिलर-राबिन कसोटी. एकच गोष्ट जास्त बघायची, १ येण्याच्या आधी काय होतं.

११०४ मधून २ काढत जा: ११०४ = १६ × ६९. ६९ विषम आहे, तिथे थांबा. आता २^६९ ची बाकी काढा आणि तिचा वर्ग करत करत वर या:

२^६९ → ९६७
२^१३८ → २५९
२^२७६ → ७८१
२^५५२ → १

न मूळ असती तर १ च्या लगेच आधी ११०४ (म्हणजे −१) यायला हवं होतं, नाहीतर पहिल्याच ओळीला १ किंवा ११०४ यायला हवं होतं. इथे १ च्या आधी ७८१ आहे. पकडली.

आणि वर बोनस. ७८१ मधून १ वजा करा, ७८०, त्याचा आणि ११०५ चा मसावि ६५. १ मिळवा, ७८२, त्याचा आणि ११०५ चा मसावि १७. ६५ × १७ = ११०५, अवयवच हातात आले. फर्माला फसवणारी संख्या इथे स्वतःच आपलं गुपित सांगते, मला हा भाग फार आवडतो.

चुका: ६९ ऐवजी ११०४ पासून सुरू करणं, म्हणजे परत जुनीच टेस्ट. दुसरी, शेवटच्या ओळीला १ दिसल्यावर 'पास' म्हणणं, वरची ओळ न बघता. १ ते ११०४ मधले फक्त ३० आकडे या कसोटीलाही चकवतात, तेव्हा एका अ वर न थांबता दोन-तीन घ्या.

चेक: २^६९ हाताने करायला घाबरू नका. २^२४ ची बाकी १ आहे, म्हणून ६९ मधून ४८ काढले, उरले २१. २^२१ = २^१२ × २^९ = ७८१ × ५१२ = ३९९८७२, त्यातून ३६१ × ११०५ = ३९८९०५ गेले, ९६७.

## टप्पा ७: दोन वर्गांची बेरीज

आधी होणार का ते बघा. प्रत्येक मूळ अवयवाला ४ ने भागा. ज्याची बाकी ३ येते तो अवयव सम वेळा आलेला असला पाहिजे, नाहीतर विषय संपला. इथे ५, १३, १७ तिघांचीही बाकी १ आहे, मोकळं रान.

लांबचा रस्ता: १ ते २३ पर्यंत प्रत्येकाचा वर्ग ११०५ मधून वजा करायचा आणि उरलेलं तयारीतल्या लिस्टमध्ये शोधायचं. २३ च का? कारण दोनपैकी लहान वर्ग निम्म्यापेक्षा, म्हणजे ५५२.५ पेक्षा मोठा असू शकत नाही, आणि २४ चा वर्ग ५७६ होतो. ३३ पर्यंत गेलात तर प्रत्येक जोडी उलटी होऊन परत येईल, आणि "८ प्रकार" हे उत्तर तिथूनच जन्माला येतं.

जवळचा रस्ता ब्रह्मगुप्ताच्या नित्य समीकरणाचा. (अ, ब) आणि (क, ड) अशा दोन जोड्या असतील तर गुणाकाराच्या दोन जोड्या मिळतात: एक (अक − बड, अड + बक), दुसरी (अक + बड, अड − बक). उणे चिन्ह आलं तर सोडून द्या, वर्गच करायचाय.

१) ५ = (१, २), म्हणजे १^२ + २^२; तसंच १३ = (२, ३), १७ = (१, ४).

२) ५ × १३ = ६५ साठी: पहिली जोडी (४, ७), दुसरी (८, १). तपासा, १६ + ४९ = ६५, ६४ + १ = ६५.

३) आता या दोन्हींना १७ च्या (१, ४) शी गुणा. (४, ७) पासून (२४, २३) आणि (३२, ९). (८, १) पासून (४, ३३) आणि (१२, ३१).

तर चार जोड्या:

३३ आणि ४: १०८९ + १६
३२ आणि ९: १०२४ + ८१
३१ आणि १२: ९६१ + १४४
२४ आणि २३: ५७६ + ५२९

चारही बेरजा ११०५. नेहमीची चूक म्हणजे दुसऱ्या पायरीला ६५ ची एकच जोडी घेऊन पुढे जाणं, मग दोनच उत्तरं मिळतात आणि माणूस समाधानी असतो.

आता ४, ८, ३२ चं भांडण. क्रम आणि चिन्ह सोडून मोजलं तर ४. क्रम धरला, (४, ३३) आणि (३३, ४) वेगळे, तर ८. त्यात उणे संख्याही धरल्या तर प्रत्येकाचे चार, म्हणून ३२. उत्तर लिहिताना काय धरलं ते सोबत लिहा. क्रम-चिन्ह सोडून चार प्रकारे जमणारी ११०५ ही सर्वात लहान संख्या आहे, तीन प्रकारे जमणारी सर्वात लहान ३२५.

## टप्पा ८: कर्ण ११०५ असलेले काटकोन त्रिकोण

वरच्या प्रत्येक जोडीपासून एक त्रिकोण: वर्गांची वजाबाकी ही एक बाजू, जोडीच्या गुणाकाराची दुप्पट ही दुसरी.

(३३, ४) → १०७३, २६४
(३२, ९) → ९४३, ५७६
(३१, १२) → ८१७, ७४४
(२४, २३) → ४७, ११०४

"एकूण चार त्रिकोण" लिहिलंत तर अपुरं. हे चार फक्त ते, ज्यांच्या तिन्ही बाजूंना सामाईक विभाजक नाही. लहान त्रिकोण फुगवूनही कर्ण ११०५ करता येतो: ३, ४, ५ ला २२१ ने गुणलं की ६६३, ८८४, ११०५. तसंच ५, १२, १३ ला ८५ ने (४२५, १०२०) आणि ८, १५, १७ ला ६५ ने (५२०, ९७५). ६५, ८५ आणि २२१ कर्णाचे प्रत्येकी दोन मूळ त्रिकोण आहेत, तेही फुगवा: (२७२, १०७१) आणि (५६१, ९५२); (१६९, १०९२) आणि (४६८, १००१); (१०५, ११००) आणि (७००, ८५५). तीन अधिक सहा, नऊ. वरचे चार मिळवले की एकूण १३.

चेक: तेराच असणार हे आधीच काढता येतं. ११०५ च्या वर्गात प्रत्येक अवयव दोनदा येतो, म्हणून त्याचे विभाजक ३ × ३ × ३ = २७, एक वजा करून निम्मे, १३.

## टप्पा ९: लागोपाठच्या संख्यांची बेरीज

हा सोपा आहे, फक्त सम संख्येने पदं घ्यायला लोक विसरतात. किती पदं घेतली त्याने ११०५ ला भागा, येते ती सरासरी. पदं विषम असतील तर सरासरी पूर्ण हवी, सम असतील तर शेवटी .५ हवं.

२ पदं: ५५२ + ५५३
५ पदं: २१९ ते २२३
१० पदं: १०६ ते ११५
१३ पदं: ७९ ते ९१
१७ पदं: ५७ ते ७३
२६ पदं: ३० ते ५५
३४ पदं: १६ ते ४९

एकटी ११०५ धरली तर आठ, जेवढे विषम विभाजक तेवढेच, आणि इथे सगळेच विषम आहेत. ६५ पदं घेऊन बघा, सरासरी १७, म्हणजे −१५ ते ४९. उणे आणि अधिक एकमेकांना खातात आणि १६ ते ४९ उरतात, ३४ पदांची तीच ओळ परत आली. तिला नवीन म्हणून मोजू नका.

## टप्पा १०: ठिपक्यांच्या आकृत्या आणि जादूचा चौरस

इथे 'कितवी' याला अंदाजाने किंमती घालत बसू नका, सरळ वर्गाची तपासणी लावा.

त्रिकोणी आहे का, म्हणजे तेवढे ठिपके त्रिकोणात रचता येतात का? ८ ने गुणून १ मिळवा, पूर्ण वर्ग हवा. ८८४१. पण ९४ चा वर्ग ८८३६, तर नाही.

दशकोनी, म्हणजे दहा बाजूंच्या आकृतीत? १६ ने गुणून ९ मिळवा: १७६८९, हा १३३ चा वर्ग. इथेच थांबू नका, १३३ + ३ = १३६ ला ८ ने भाग जातो का बघा. १७. म्हणजे सतरावी दशकोनी संख्या. सूत्रात (कितवी तिच्या वर्गाची चौपट वजा तिची तिप्पट) घालून: ४ × २८९ − ३ × १७ = ११५६ − ५१ = ११०५. भागाची अट विसरली की चुकीच्या संख्या आत शिरतात.

मध्ये एक ठिपका, भोवती ४, मग ८, मग १२, अशी चौरसाची कडी? दुपटीतून १ वजा करा, २२०९, म्हणजे ४७ चा वर्ग. होय, २३ कडी. २४ आणि २३ ची जोडी सातव्या टप्प्यात आली होती ती हीच, योगायोग नाही.

जादूचा चौरस (ज्यात प्रत्येक ओळीची बेरीज सारखी येते): १ ते १६९ आकडे १३ × १३ मध्ये भरले तर एकूण बेरीज १४३६५, आणि १३ ओळींत समान वाटली की प्रत्येक ओळीला ११०५. आकडे शून्यापासून भरले तर ही बेरीज १०९२ होते, तेव्हा 'कुठून सुरुवात' ते आधी बघा.

## टप्पा ११: अंकांवरचे गुणधर्म, सगळ्यात शेवटी

हे शेवटी ठेवलेत कारण हे संख्येचे कमी आणि लिहिण्याच्या पद्धतीचे जास्त आहेत. अंकांची बेरीज ७, ११०५ ला ७ ने भागलं तर बाकी ६, म्हणून ही हर्षद संख्या नाही. दुसऱ्या पायात (दहाऐवजी २, ३ किंवा ८ वर चालणाऱ्या अंकपद्धतीत) लिहिली तर अंक बदलतील आणि उत्तरही बदलू शकतं.

दोनच्या पायात नेण्यासाठी २ ने भागत जा: ११०५, ५५२, २७६, १३८, ६९, ३४, १७, ८, ४, २, १. बाक्या वरून खाली १, ०, ०, ०, १, ०, १, ०, ०, ०, १. लिहायचं मात्र खालून वर: १०००१०१०००१. दोन्हीकडून सारखंच. चारच्या पायातही तसंच, १०११०१. तीनच्या पायात मात्र ११११२२१, तिथे ते जमत नाही, म्हणून "११०५ उलटसुलट सारखी आहे" एवढंच लिहू नका, पाया लिहा.

इशारा: बाक्या उलट्या क्रमाने वाचायची चूक इथे दिसतच नाही, कारण दोनच्या आणि चारच्या पायात उलटं वाचलं तरी उत्तर तेच. तुमची पद्धत बरोबर आहे का हे बघायचं असेल तर आठच्या पायात करा. २१२१ आलं तर ठीक. १२१२ आलं तर तुम्ही वरून खाली वाचताय, आणि ती ११०५ नाही, ६५० आहे.